नखाएवढं मागणारी

नंदा, परवा दुपारी तुला मांडी घालून बसवलं आणि मातीत ठेवलं. तुमच्या लिंगायतांमधली ही रीत मला लहानपणापासून ठाऊक होती, पण खड्ड्याच्या काठावर उभं राहून बघायची वेळ पहिल्यांदाच आली. मुंबईहून गाडी आली तेव्हा दिंद्रुडची निम्मी बाजारपेठ बंद होती. जंगमांनी कपाळाला भस्म लावलं, तळहातावर लिंग ठेवलं, तुझ्या भावानं बेलाची पानं वाहिली. तुझी मान जराशी पुढं कलली होती, सूक्ष्मदर्शकावर वाकायचीस तशी. मला उगाच वाटलं, आता मान वर करशील आणि म्हणशील, "गप कावून उबा हायेस बे?"

आई माझ्या शेजारी काठीवर रेलून उभी होती. "माझ्या आदी गेली," ती म्हणाली, "हे काय बरूबर न्हाई झालं." मग माझा हात झिडकारून ती एकटी पुढं गेली, वाकली आणि मूठभर माती टाकली. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. मला तेवढ्यापुरतं तुझ्यापेक्षा तिच्याकडेच बघत राहावंसं वाटलं, कारण ती उभी होती ती तुझ्यामुळे.

शोकसभेत तुझ्या पदव्या वाचून दाखवल्या, त्यातली एकही कुणाला धड वाचता आली नाही. एक पुढारी म्हणाले, या लेकीनं कर्करोग बरा केला. मी मागं उभा राहून मनातल्या मनात तुझ्या वतीनं भांडत होतो. तू म्हणाली असतीस, बरा केला न्हाई, त्याची खूण शोधली म्हणा. पण भाषणात खूण कोण ऐकून घेणार?

तुझ्या वडिलांचं कापडाचं दुकान आणि आमची मेंढरं, एवढ्यावरून आपली ओळख. तुमच्या वावरात खतासाठी आमचा कळप बसायचा. एकदा सकाळी तू वडिलांबरोबर आलीस तेव्हा एक मेंढी व्यायली होती, जुळं होतं, एक कोकरू काळं आणि एक पांढरं. तू माझ्या बापाला विचारलंस, कावून? तो म्हणाला, देवाची मर्जी. तू मान हलवलीस, घरी गेलीस आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन तेच विचारलंस. बापानं वैतागून तुला माझ्याकडं पाठवलं आणि मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तुला कोकरू धरायला दिलं. तेव्हापासून तू मला बे म्हणू लागलीस. पोरीच्या जातीनं बे म्हणायचं नसतं म्हणून तुझ्या आईनं तुला घातलेले धपाटे मी पाहिलेत. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

मी परभणीला शिकून जनावरांचा डॉक्टर झालो आणि माजलगावच्या दवाखान्यात आलो. तू आधी औरंगाबाद, मग मुंबई, मग परदेश आणि परत मुंबई, अशी लांब लांब गेलीस. मला वाटलं, संपलं. आणि एके दिवशी मी एका म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उभा असताना मागून आवाज आला, "तुज्याकडं नायट्रोजन हाय का बे?"

होतं. सगळ्या तालुक्यात माणसांच्या एकाही दवाखान्यात नव्हतं, ते माझ्याकडं होतं. वळूच्या वीर्याच्या कांड्या गोठवून ठेवायचं ते भांडं, ज्याचं झाकण उघडलं की पांढरा धूर बाहेर सांडतो. वीज असो वा नसो, आतली थंडी हटत नाही, गाडी वेळेवर आली आणि नायट्रोजन भरत राहिलं म्हणजे झालं. तू त्या धुरात डोकावून बघत म्हणालीस, मला यातली एक कोपऱ्याची जागा पायजे.

मग तिथंच, पाण्याच्या हौदावर बसून, तू मला समजावलंस. बाईच्या छातीतली प्रत्येक गाठ सारखी नसते. काही गाठी अंगातल्या रसावर वाढतात आणि अशा गाठीवर एक खूण असते. खूण असली तर साधी गोळी तिला उपाशी मारते. खूण नसली तर तीच गोळी फुकट. म्हणजे आधी खूण बघायची, मग औषध द्यायचं. पण तुकडा कापल्या कापल्या गोठवला नाही तर ती खूण विरून जाते, आणि इथून मुंबईला पोचेपर्यंत काय उरणार? म्हणून बीड जिल्ह्यातल्या बायांचं काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळी पुस्तकं परदेशातल्या बायांवर लिहिलेली. "आपल्या बायांच्या गाठी कशा हायेत, हे कुनी बघितलंच न्हाई," तू म्हणालीस. मी हात धूत होतो. मला तुझं बोलणं फार मोठं वाटलं आणि ते दिसू नये म्हणून मी साबण शोधत राहिलो.

मुंबईचे लोक म्हणाले असतील, मुंबईतच गोळा कर, इथं काय कमी पेशंट आहेत? तू ऐकलं नाहीस. तेव्हा नुकता देशाचा बाजार उघडला होता. पूर्वी ज्या रसायनांसाठी परवान्याची वाट बघत तुझी वर्षं जायची, ती आता बर्फाच्या खोक्यात विमानानं येऊ लागली होती. माजलगावात घरोघरी केबल आलं, चौकात परदेशी थंड पेय मिळू लागलं. तू बाटली हातात धरून म्हणालीस, "बघ, हे इथवर थंडगार पोचतं. बाईची गाठ इथनं मुंबईपर्यंत न्हाई पोचत." मला हसू आलं होतं, तुला आलं नव्हतं.

पण खरी अडचण नायट्रोजनची नव्हती, ती आपल्या लोकांची होती. ऑपरेशननंतर कापलेला भाग डॉक्टर फडक्यात बांधून नातेवाइकांच्या हातात द्यायचे आणि ते तो नेऊन पुरायचे. अंगाचं आहे, अंगाबरोबर मातीत गेलं पाहिजे. त्यातलं काही कुणी मुंबईला घेऊन जाणार म्हटल्यावर लोक अंगावर यायचे. एका म्हाताऱ्यानं तुला विचारलं, "माजी बाई अर्दी वर जाईल का मंग?" दुसऱ्या कुणी असतं तर विज्ञान समजावलं असतं. तू त्याच्याशेजारी जमिनीवर बसलीस. "आमच्यातबी मातीच देतेत, बाबा. मी नकाएवडं घेते. काम झालं की जे उरंल ते मी सोता आनून मातीत घालते. दिंद्रुडच्या अप्पाची लेक हाय मी."

अप्पांचं नाव काढलंस म्हणून त्यानं दिलं. दुकानातलं लुगडं घरी नेऊन पसंत पडलं नाही तर परत घेणारा माणूस म्हणून अप्पांची ख्याती. पण तू ते शब्द तोंडदेखले बोलली नव्हतीस, ही गोष्ट मला पुढच्या खेपेला कळली. तू आलीस तेव्हा पिशवीत एक डबा होता. तपासणीनंतर उरलेलं. तुझ्या संस्थेत असलं सगळं भट्टीत जातं, तू मात्र कुणाकुणाच्या सह्या घेऊन, रीतसर निर्जंतुक करून ते परत आणलं होतंस. चिमूटभर. मी म्हणालो, "एवढ्याशासाठी?" तू म्हणालीस, "एवडंच घेतलंतं ना?" मग आपण दोघं तुमच्या वावरात गेलो, बांधाकडेला मी खणलं आणि तू ठेवलंस. त्यानंतर प्रत्येक खेपेला. त्या बायांची नावं तू बोलून दाखवायचीस, हळू, कुणाला ऐकू जाऊ नयेत अशी. त्यातल्या काही तोवर गेलेल्या असायच्या, काही उसात खुरपत असायच्या. पुढं परदेशात तुझं नाव छापून आलं, तुला भाषणाला बोलावलं, पण मला तुझी जी थोरवी कळली ती त्या बांधावर. परवा तुला ठेवलं तेही त्याच वावरात, बांधापासून हाकेच्या अंतरावर.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या भांड्यात डोकावून विचारलं होतं, त्या वेगळ्या नळ्या कुठल्या वळूच्या? मी म्हणालो, साहेब, त्या बाहेरून आल्यात, प्रयोग चाललाय. ते म्हणाले, निकाल चांगला आला तर आम्हालाही कळवा. हे तुला सांगितल्यावर तू इतकी हसलीस की दवाखान्यातल्या शेळ्या ओरडायला लागल्या.

आणि मग आई. तिनं गाठ मला सांगितली नाही, तुला सांगितली. पोराला कसं सांगू, म्हणाली. तिची आई याच दुखण्यानं गेलेली, मोठी बहीण याच दुखण्यानं गेलेली, दोघीही भर वयात, आणि ती गाठ पदराखाली घेऊन मेंढरांमागं हिंडत होती. ऑपरेशन माजलगावलाच झालं. तू आत होतीस. बाहेर येऊन तू नळी माझ्या हातात दिलीस आणि मी ती नेहमीसारखी भांड्यात सोडायला गेलो. झाकण उघडलं, धूर वर आला आणि माझे हात थांबले. शेकडो कांड्या मी तिथं सोडल्यात. ती एक नळी सुटेना. माझ्या मनगटाखाली तू हात धरलास आणि नळी आत गेली.

तुझा फोन आला तो दवाखान्यासमोरच्या एसटीडीवर. "मावशीच्या गाठीला खूण हाय. गोळी चालंल." मी बूथवाल्यासमोर रडलो आणि त्याला वाटलं, कुणी तरी गेलं. ती बारकी पांढरी गोळी आईनं भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायला सुरुवात केली, तू सांगितलंस तितकी वर्षं घेतली, आणि परवा ती तुझ्या खड्ड्याशी वाकली. नंदा, तिच्या बहिणीच्या वेळी लोकांनी अंगारे आणले होते. आईच्या वेळी तू एका नखाएवढ्या मांसाला प्रश्न विचारलास आणि त्यानं उत्तर दिलं. मी जन्मभर जनावरं कापली, शिवली, त्यांच्या पोटातून वासरं ओढून काढली, तरी मला अजून हे खरं वाटत नाही.

हे तुला मी कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू म्हणाली असतीस, गोळी कुनी दुसऱ्यानं शोधली बे, मी नुसतं हो म्हनलं.

तुझ्या प्रयोगशाळेत मी एकदाच आलो. तू तेव्हा पुढच्या कामात होतीस, जनुकाच्या. पेशीतलं बिघडलेलं जनुक दुरुस्त करता येत नसेल तर चांगलं जनुक आत नेऊन ठेवायचं, आणि न्यायला गाडी कुठली, तर विषाणू. त्याच्यातला रोग काढून टाकलेला. मी म्हणालो, आमच्या लशीसारखं. तू म्हणालीस, "तसंच, पर सामान घेऊन जानारं." मग दिवा मालवलास आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलंस. आधी नुसता काळोख. मग एक हिरवा ठिपका, मग दोन, मग शेतात काजवे यावेत तसे सगळीकडे. जिथं जनुक पोचलं ती पेशी हिरवी चमकेल अशी तू खूण जोडली होतीस. तुझ्या हातानं लिहिलेली गोष्ट एका गाठीच्या पेशीनं वाचली होती आणि ती सांगत होती, पोचली, पोचली. "काय दिसतं बे?" तू विचारलंस. मी नारायणगडावर मूर्तीसमोरसुद्धा इतका गप्प झालेलो नाही.

काचेच्या बशीत चालतं, तू म्हणालीस. उंदरात पहिल्यांदा चालतं, गाठ आकसते. दुसऱ्यांदा तोच विषाणू टोचला की अंग त्याला ओळखतं आणि हाकलून देतं. आता ही अडचण तर माझ्याच धंद्यातली. एकदा लस दिलेली मेंढी रोगाला ओळखते म्हणूनच तर मी पगार घेतो. आपण दोघं त्या अंधाऱ्या खोलीत हसलो. मी विचारलं, मग बाईपर्यंत कधी पोचणार? तू दिवा लावलास. "माज्या हयातीत न्हाई पोचनार," तू म्हणालीस, भाजीत मीठ कमी झालंय म्हणावं इतक्या साधेपणानं, आणि पुढच्या बशा काढायला लागलीस. जे आपल्याला मिळणार नाही हे पक्कं ठाऊक आहे, त्यासाठी रोज सकाळी आठला येणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता वादाचं बोलतो. तो राहिलाच.

आईचा गडावर जायचा नवस होता, म्हणून आपण तिघं नारायणगडला गेलो होतो. आई दर्शनाच्या रांगेत, आपण बाहेर चहाच्या टपरीवर. तू म्हणालीस, मावशीच्या रक्तात जनुकाची एक चूक सापडली, घराण्यात हे दुखणं आणणारी. तिच्या आईकडून आलेली. म्हणजे माझ्यात असण्याची आणि नसण्याची शक्यता सारखीच, आणि माझ्यात असली तर माझ्या लेकीला, सारिकाला तेच. "तुजं रक्त दे. तुज्यात न्हाई निगालं तर पोरीचा विषयच संपला. निगालं तर तिला येळेवर जपता येईल."

मी नाही म्हणालो. तू कपावरचा हात काढलास.

"वळू निवडताना त्याची आजीबी बगतोस तू," तू म्हणालीस. "मानसात आल्यावर वंश लपवतोस?"

"जनावराची सोयरीक जमवावी लागत न्हाई," मी म्हणालो. "पाव्हणे बैठकीत इचारतात, घराण्यात काही दुखणं? मला खोटं बोलता येत न्हाई, हे तुला ठावं हाय. ठाऊकच नसलं तर खोटं बोलावं लागत न्हाई."

"असला सौदा माज्या बापालाबी जमला नसता बे."

"पोरीवर बोट ठेवून उठून जातील लोक, नंदा. मंग तुझी खूण तिला कुकू लावणार हाय का?"

तू कप बाजूला सारलास. माझी भीती खरी होती, हे तुला दिसत होतं. मला अजूनही ती खरीच वाटते. आपल्याकडं मुलीच्या नावापुढं एवढासा प्रश्न लागला तरी दारात पाहुणे येईनासे होतात, आणि ते तुझ्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. तेवढ्यात आई प्रसाद घेऊन आली, दोघांची तोंडं बघून म्हणाली, "बांडलाव वाटतं," आणि दोघांच्या हातावर साखर ठेवली. त्यानंतर दर भेटीला तू फक्त विचारायचीस, "काय ठरलं?" मी म्हणायचो, बघू. तू कधीही आपणहून माझ्या पाठीमागून सारिकाशी बोलली नाहीस. शेवटच्या फोनवरही काय ठरलं म्हणालीस आणि मी बघू म्हणालो. तेव्हा दवाखान्यात गर्दी होती.

परवा संध्याकाळी माणसं पांगल्यावर सारिका माझ्याजवळ येऊन बसली. ती आता बीडला कॉलेजात आहे, पुढच्या महिन्यात तिला बघायला यायचेत. म्हणाली, "बाबा, मी नंदाआत्याला फोन केलता. लई दिवस झाले."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? ओट्यावरून आई म्हणाली, "म्या सांगितलं. माज्या अंगातलं हाय, मी कुनालाबी सांगंन."

"आत्या काय म्हणाली?"

"म्हणाली, तुजं रक्त मी आत्ता घेनार न्हाई. आदी बापाचं. त्याच्यात न्हाई निगालं तर तुला सुई कशाला? अन् म्हणाली, त्याला जोर करू नको. त्याला येळ लागतो, पर येतो." सारिकानं ओढणीच्या टोकाशी चाळा केला. "म्हणून मी इचारलं न्हाई, बाबा."

नंदा, म्हणजे तू तिच्या बाजूनं होतीस आणि माझी वाटही बघत होतीस. आणि ही पोर, जिच्यापासून मी सगळं राखत होतो, तीच इतके दिवस मला राखत बसली होती. बायको दिवा लावायला उठली तरी आम्ही तिघं तसेच बसून होतो.

तुझी विद्यार्थिनी गौरी तुझ्याबरोबर गाडीतून आली होती. मी काल सकाळी तिला माझ्या दवाखान्यात घेऊन गेलो. नवी सुई माझ्याकडं होती, जांभळ्या झाकणाची नळी माझ्याकडं होती, जनावरांच्या रक्तालाही तीच लागते. सारिकानं माझा दंड धरला. गौरी आदल्या दिवशीपासून रडत होती, म्हणून मीच तिला माझी शीर दाखवली. नळी बर्फात ठेवून गौरी दुपारच्या गाडीनं मुंबईला गेली.

पाहुणे यायचेत ते येतील. त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. वाद तू जिंकलीस असंही मी म्हणणार नाही, तू समोर असतीस तर पुन्हा भांडलो असतो. निघताना गौरीनं विचारलं, सर, निकाल आला की फोन तुम्हाला दवाखान्यात करू की घरी? मी म्हणालो, मला नको. सारिकाच्या होस्टेलचा नंबर लिहून घे, आधी तिला सांग. मला ती सांगेल.